दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर कोण ठरवतं?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातलं हवाई अंतर सुमारे १२,३८० किलोमीटर आहे. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावर गणित मांडलं की हा आकडा येतो. इंटरनेटवर शहरांची नावं टाकली तरी जवळपास हाच दिसतो. लांब पल्ल्याचं प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगानं उडतं. भागाकार केला की उत्तर मिळतं पावणेचौदा तास. गणितात चूक काहीच नाही, तरी या वाटेनं आणि इतक्या वेळात हा प्रवास होत नाही. एअर इंडियाचं विमान २०१६ पर्यंत दिल्लीहून पश्चिमेकडे निघायचं आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेत शिरायचं. ती वाट साधारण १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं दिशाच उलटी केली. विमान पूर्वेकडे निघालं, पॅसिफिकवरून गेलं आणि तब्बल १५,३०० किलोमीटर कापून साडेचौदा तासांत पोहोचलं. वाट चौदाशे किलोमीटरनी लांबली आणि वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी झाला. या एका उदाहरणात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. दोन शहरांमधलं अंतर पृथ्वीच्या आकारानं ठरतं, पण त्यांच्यातला प्रवास किती तासांचा हे वारा ठरवतो, डोंगर ठरवतात आणि या दोहोंपेक्षाही जास्त ठरवतात ते वाटेतले देश. वाऱ्यापुढे आणि डोंगरापुढे आपला इलाज नाही. देशांनी उभे केलेले वळसे मात्र माणसांनी उभे केलेले आहेत, आणि त्यांचा विचार वेगळा करायला हवा.

आधी आकाराचं पाहू, कारण तिथेच पहिला गैरसमज होतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेषा चीन, जपान आणि पॅसिफिकच्या मधोमध जवळजवळ आडवी जाते. ही आडवी वाट सुमारे १५,००० किलोमीटर भरते. पृथ्वीगोल घेऊन याच दोन शहरांमध्ये दोरा ताणला तर तो भलतीकडे सरकतो. दिल्लीहून तो जवळपास सरळ उत्तरेला निघतो, तिबेट आणि सायबेरिया ओलांडतो, ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक महासागरावर जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तो हाच. उत्तरेकडे जाऊ तसतशी रेखावृत्तं एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे तिकडून पूर्व-पश्चिम अंतर कापायला थोडेच किलोमीटर लागतात; सपाट नकाशा हाच भाग ताणून रुंद दाखवतो. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात दोरा ताणला तर तो सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून आणि आइसलंडच्या जवळून जातो. दोन्ही शहरं ४१ अंशांच्या दक्षिणेला असूनही त्यांना जोडणारी सर्वांत छोटी रेषा ६५ अंशांच्या जवळ पोहोचते. लांबच्या विमानातल्या पडद्यावर आपलं विमान विनाकारण बर्फाकडे वळल्यासारखं दिसतं, त्याचं कारण हे.

पण हा दोराही आकाशात जसाच्या तसा वापरता येत नाही. दिल्लीच्या दोऱ्याला पहिली आडकाठी हिमालय आणि त्यामागच्या तिबेटच्या पठाराची. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असतं आणि शिखरं त्याच्या खूप खाली असतात, मग अडचण काय, असा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. अडचण विमान ठीक असतानाची नाही, बिघाड झाल्यानंतरची आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान दहा हजार फुटांवर, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत उतरवावं लागतं, कारण तिथल्या हवेत माणूस मुखवट्याविना श्वास घेऊ शकतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरायला खाली जागाच नाही, आणि हे पठार इतकं विस्तीर्ण आहे की वेळेत त्याच्याबाहेर पडणंही कठीण. म्हणून बहुतेक मार्ग त्याला वळसा घालतात.

मग वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, नेमकी जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, या दोन्हींतून हे वारे जन्मतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगानं वाचावं म्हणून त्यांनी आपले अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिले, आणि त्यामुळेच बहुधा ते फारसे कोणी वाचले नाहीत. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर त्या उंचीवर पोहोचली, तेव्हा वैमानिकांना ही ताकद प्रत्यक्ष भोगावी लागली. आज विमान कंपन्यांचे मार्ग-नियोजक रोज हवामानाचे अंदाज पाहून ठरवतात की जाताना या वाऱ्यात कुठे शिरायचं आणि येताना त्याला कसं चुकवायचं. दिल्लीहून पॅसिफिकमार्गे गेलेल्या विमानाचा जमिनीशी मोजलेला सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर पडला. इंजिनांनी नेहमीचंच काम केलं. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्यानं दिले. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा नावाच्या वादळामुळे अटलांटिकवरचा वारा इतका जोरात होता, की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. त्या विमानानं ताशी १,३०० किलोमीटरचा आकडा ओलांडला. ध्वनीचा वेग त्या उंचीवर ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, तरी विमानानं तो ओलांडला नव्हता, कारण ज्या हवेतून ते उडत होतं ती हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

यावर कोणी म्हणेल, जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर येणार; शेवटी हिशेब सारखाच. तसं होत नाही. ९,००० किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ९०० चा वेग धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन वीस तास. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा आला. जाताना वेग १,००० झाला, नऊ तास लागले, एक तास वाचला. येताना वेग ८००, सव्वाअकरा तास लागले, सव्वा तास गेला. एकूण पंधरा मिनिटं हातची गेलीच. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, त्यामुळे नुकसान नेहमी फायद्याहून मोठं भरतं. म्हणून लांबचा पण पाठीशी वारा असलेला मार्ग निवडणं हा सरळ व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विमानंच अधिक वेगवान केली तर हे सगळे वळसे किरकोळ ठरतील, असं म्हणता येईल. मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा अनुभव उलटा आहे. एअर इंडियानं मे १९६० मध्ये बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली. ते विमान आणि आजचं बोइंग ७८७ यांच्या वेगात नाव घेण्यासारखा फरक नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. काँकॉर्डनं तो उंबरठा ओलांडून दाखवला. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यानं न्यूयॉर्क ते लंडन २ तास ५३ मिनिटांच्या आत कापलं. पण ध्वनीपेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाचा गडगडाट जमिनीवर ऐकू येतो, त्यामुळे अनेक देशांनी वस्तीवरून तसं उडायला मनाई केली. तिकिटं मूठभरांनाच परवडणारी होती आणि २००३ मध्ये काँकॉर्ड थांबलं. त्यानंतरची सगळी प्रगती वेगाची नाही, पल्ल्याची आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे सुमारे १५,३०० किलोमीटरचं अंतर एअरबस ए३५० आज न थांबता साधारण साडेअठरा तासांत कापतं. क्वांटासनं २०१९ मध्ये मोजक्याच माणसांना घेऊन लंडन ते सिडनी चाचणी उड्डाण केलं, तेव्हा १९ तास १९ मिनिटं लागली. वेग वाढत नाही, म्हणूनच वाट किती लांब पडते या प्रश्नाला अजून किंमत आहे.

आणि वाट किती लांब पडेल याचा निर्णय आज प्रामुख्यानं सरकारं करतात. १९४४ च्या डिसेंबरात शिकागो इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातलं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सत्ता आहे. समुद्र खुला, आकाश मात्र ज्याच्या त्याच्या मालकीचं. याचा परिणाम काय होतो हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांत. त्यांच्यामधलं अंतर ७,८०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते जवळजवळ सगळं रशियावरून जातं. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना बंद होतं, म्हणून १९५७ पासून युरोपातली विमानं कोपनहेगनहून अलास्कातल्या अँकरेजला जात, तिथे इंधन भरत आणि मग टोकियो गाठत. १९८३ मध्ये फिनएअरनं डीसी-१० विमानात जादा इंधनाची सोय करून हेलसिंकी ते टोकियो न थांबता उड्डाण सुरू केलं. उत्तर ध्रुवावरून वळसा घालून ते तेरा तासांत पोहोचायचं. पुढे सोव्हिएत आकाश उघडलं आणि हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. युरोपातून आशियात जाण्याचा जवळचा रस्ता म्हणजे हेलसिंकी, या एका गोष्टीवर फिनएअरनं आपला धंदा उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपनं रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियानं उलट बंदी घातली, आणि फिनएअरची विमानं पुन्हा ध्रुवावरून तेरा तासांचा वळसा घेऊ लागली. इंजिनं सुधारली, उपग्रह आले, संगणक आले. चाळीस वर्षांनी प्रवासाचा वेळ मात्र १९८३ इतकाच झाला.

याच बंदीनं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गही ढवळला. अमेरिकी कंपन्यांना रशियावरून जाता येईना, तेव्हा युनायटेडनं मार्च २०२२ मध्ये आपली ही सेवा थांबवली, मुंबई-नेवार्कही थांबली. भारतीय विमानांवर रशियाची बंदी नव्हती, त्यामुळे एअर इंडियाची वाट मोकळी राहिली. दोन कंपन्या, तीच दोन शहरं, विमानं तोडीस तोड. शेपटावरचा झेंडा वेगळा म्हणून एकीला अंतर पार करता येत होतं आणि दुसरीला नाही. मोकळ्या वाटेचीही जोखीम असतेच. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान इंजिनातल्या दोषामुळे अतिपूर्वेकडच्या रशियात मगादान इथे उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी त्या छोट्या शहरात अडकले आणि त्यांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं.

मग एप्रिल २०२५ आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्ताननं २४ एप्रिलला भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, भारतानं ३० एप्रिलला पाकिस्तानी विमानांना केलं, आणि दोन्ही बाजूंनी ही मुदत महिन्यामहिन्यानं वाढत गेली. मुंबईच्या प्रवाशाला त्याची झळ तुलनेनं कमी बसली, कारण मुंबईहून पश्चिमेकडे निघालं की अरबी समुद्रच लागतो. दिल्लीचं तसं नाही. तिथून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून, समुद्र गाठून मग वर वळावं लागतं. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. एअर इंडियानं दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्थगित केली, तेव्हा विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हे बंद आकाश असं दुसरं कारण दिलं. ताश्कंदचं उदाहरण तर मला सर्वांत बोलकं वाटतं. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर सोळाशे किलोमीटरही नाही. दिल्लीहून चेन्नई त्याहून लांब आहे. तरीही इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटी या दोन्ही सेवा बंद कराव्या लागल्या, कारण वळसा घालून तिथे पोहोचणं तिच्या विमानांच्या पल्ल्यात बसेना.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. आकाश बंद करणं हा सुरक्षेचा प्रश्न आहे, प्रवाशांच्या दोन तासांसाठी देशानं तो हक्क सोडावा का? या आक्षेपात मोठं सत्य आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं आणि २६९ माणसं गेली. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं आणि २९८ जण गेले. त्या दिवशी तिथलं आकाश ३२,००० फुटांपर्यंतच बंद होतं. विमान ३३,००० फुटांवर होतं. ते आकाश संपूर्ण बंद असायला हवं होतं, याबद्दल आज दुमत नाही. १३ जून २०२५ रोजी इस्रायलनं इराणवर हल्ले सुरू केले आणि मुंबईहून लंडनला निघालेलं विमान वाटेतूनच मुंबईला परत आणावं लागलं. त्याबद्दल कोणाही समंजस प्रवाशानं तक्रार करू नये. धोका असेल तिथे लांबचा वळसा हाच योग्य मार्ग.

पण धोक्यामुळे बंद केलेलं आकाश आणि शिक्षा म्हणून बंद केलेलं आकाश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक मी मनानं काढलेला नाही, तो शिकागो करारातच आहे. नवव्या कलमानुसार लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांसाठी देशाला आकाश बंद करता येतं, पण ती बंदी राष्ट्रीयत्वाचा भेद न करता लागू व्हायला हवी. क्षेपणास्त्र शेपटावरचा झेंडा पाहून येत नाही. एप्रिल २०२५ ची बंदी मात्र झेंडा पाहूनच घातलेली होती. मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान लढाईचे दिवस सोडले तर इतर देशांच्या विमानांना तेच आकाश मोकळं होतं. भारतानंही उलट तेच केलं. कायद्याचे जाणकार इथे एकोणनव्वदाव्या कलमाकडे बोट दाखवतील. युद्ध किंवा जाहीर आणीबाणी असेल तर देशाला आपल्यापुरती मोकळीक घेता येते, असं ते म्हणतं. ती मोकळीक खरी आहे. मात्र ती अपवादासाठी ठेवलेली आहे, आणि महिन्यामहिन्याच्या मुदतवाढीनं अपवादाचा नियम होतो.

आपल्या उपखंडाला हा प्रश्न नवा नाही. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आलं आणि तिथे जाळलं गेलं. भारतानं पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन भाग होते, आणि कराची ते ढाका हा सुमारे २,३५० किलोमीटरचा प्रवास श्रीलंकेला वळसा घालून जवळजवळ दुप्पट झाला. पाकिस्ताननं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेकडे दाद मागितली. परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असं म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. न्यायालयानं ऑगस्ट १९७२ मध्ये निकाल दिला, की अधिकार आहे. तोवर बांगलादेश झाला होता, कराची-ढाका ही देशांतर्गत वाट उरली नव्हती, आणि मूळ वादावर निवाडा असा झालाच नाही. शेजाऱ्याचं आकाश कोणत्या कारणासाठी आणि किती काळ बंद ठेवता येतं, या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार एका आंतरराष्ट्रीय परिषदेला आहे, एवढं मात्र त्या निकालानं पक्कं केलं. तो अधिकार वापरायला लावावा अशी मागणी दिल्लीहून ताश्कंदला, हेलसिंकीहून टोकियोला आणि लाहोरहून क्वालालंपूरला जाणाऱ्या प्रवाशांच्या वतीनं कोणीतरी करायला हवी, आणि ती आपल्या देशानं केली तर त्यात आपलं नुकसान काहीच नाही.